जुन्या काचेचा पुरावा व रेणूंचें शिथिलन

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या मंडळींत एक समजूत पुष्कळ दिवसांपासून चालत आलेली आहे. खिडकीचें तावदान किंवा तसबिरीवरील काच खालच्या कडेस जाड आणि वरच्या कडेस पातळ लागली, तर ती काच फार जुनी समजावी. कारण काच हा खरा घन पदार्थ नसून अत्यंत दाट असा द्रव आहे, व शें-दोनशें वर्षांत तो आपल्याच भारानें खालीं उतरत जातो, असें सांगण्यांत येतें. युरोपांतील मध्ययुगीन ख्रिस्ती देवळांच्या रंगीत काचांचा दाखला यास हटकून जोडलेला असतो. कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या एका स्नेह्यांनीं आम्हांस एक तसबीर दाखविली. विकणारानें ती पेशवाईतील म्हणून दिली होती, आणि चित्राचा कागद, रंग, कलम यांविषयीं चकार शब्द न काढतां काचेच्या जाडीवर बोट ठेविलें होतें. आम्हीं मापून पाहिलें. खालची कड जाड होती खरी. परंतु चौकटीची मागील बाजू पाहतां टांगण्याच्या जुन्या कड्यांचीं भोकें हल्लींच्या खालच्या अंगास आढळलीं. चौकट व काच पूर्वीं दुसऱ्याच चित्रावर उलटी बसविलेली होती, आणि त्या वेळीं जाड कड वर होती !

या एका तसबिरीवरून सिद्धांत बांधणें अर्थातच योग्य नव्हे. परंतु ज्या पुराव्यावर वस्तूचा काळ ठरवावयाचा, तो पुरावा मुळांत ग्राह्य आहे कीं नाहीं, याची छाननी करणें हें संशोधकाचें पहिलें काम होय. काचेच्या बाबतींत ही छाननी पदार्थविज्ञानाच्या साहाय्यानें चांगली करतां येते, आणि तिचा निकाल लखोट्यांवरील लाखेच्या मुद्रांसही लागूं पडतो, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम काच म्हणजे काय तें पाहूं. पाणी निवत निवत शून्य अंशास आलें कीं त्याचें बर्फ होतें. म्हणजे त्याचे रेणु नेमलेल्या जागीं, नेमलेल्या रांगांत बसतात. अशा सुव्यवस्थित रचनेस स्फटिक म्हणतात. वाळू, सोडा व चुना यांचा वितळलेला रस बऱ्यापैकी लवकर निवविला, तर त्याचें तसें होत नाहीं. तो उत्तरोत्तर दाट होत जातो, आणि रांगा लागण्यास अवसर मिळण्यापूर्वींच त्यांतील कण जागच्या जागीं अडकून पडतात. मांडणी द्रवाची व ताठपणा घनाचा, अशी ही अवस्था आहे. गुस्ताफ टामान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९३३ सालीं काचावस्थेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. काच म्हणजे गोठलेला अतिशीत द्रव, ही व्याख्या त्याच्या नांवाशीं जोडली जाते. पुढें लोकांनीं त्यांतील ‘गोठलेला’ हें विशेषण गाळलें आणि ‘द्रव’ हा शब्द तेवढा उचलला, असें दिसतें. नकलकाराच्या हातून एक शब्द गळाला म्हणजे सनदेचा अर्थ कसा फिरतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

आतां ‘शिथिलन’ या शब्दाचा अर्थ. एखाद्या रसाचें उष्णतामान एकाएकीं बदललें, किंवा त्यास ताण दिला, तर त्याचे रेणु नव्या स्थितीस अनुरूप अशी मांडणी शोधूं लागतात. ती मांडणी होण्यास जो काळ लागतो तो शिथिलनकाल. साध्या पाण्यांत हा काळ सेकंदाच्या अब्जांशाचा सुमारें शंभरावा हिस्सा इतका अल्प असतो. म्हणून पाणी आपणांस तत्क्षणीं वाहतांना दिसतें. रस निवत गेला कीं हा काळ वाढत जातो. वाढतां वाढतां तो सुमारें १०० सेकंदांवर आला, कीं रस काच झाला असें शास्त्रज्ञ व्यवहारापुरतें धरितात. त्या वेळीं वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, ज्यास विष्यंदिता म्हणतात, तो पाण्याच्या १ वर १५ शून्यें इतक्या पटींनीं अधिक असतो. या घटनेस काचसंक्रमण हें नांव आहे. खिडकीच्या साध्या काचेचें संक्रमण ५५० अंश सेंटिग्रेडच्या आसपास होतें. त्या टापूंत उष्णतामान सुमारें २० अंशांनीं उतरलें कीं शिथिलनकाल दसपट होतो. आणखी २० अंश, आणखी दसपट. वाढ चक्रवाढ व्याजाहूनही निष्ठुर आहे.

असें कां व्हावें ? आषाढीच्या गर्दींत पंढरपूरच्या अरुंद बोळांत सांपडलेल्या मनुष्याची स्थिति मनांत आणावी. गर्दी विरळ असतां तो आपल्या इच्छेनें चालतो. ती दाटली कीं शेजाऱ्यानें अंग चोरल्याशिवाय त्यास पाऊल टाकतां येत नाहीं. आणि आणखी दाटली कीं दहापांच जण एकदम सरकले तरच कोणाही एकास सरकतां येतें. रेणूंचेंही असेंच होतें. उष्णतामान उतरतें तशी एकाच वेळीं हलावयास लागणारी टोळी मोठी होत जाते, असा विचार गेरॉल्ड अ‍ॅडम व ज्युलियन गिब्ज यांनीं १९६५ सालीं मांडला. त्यांचा सिद्धांत सर्वांस सर्वांशीं मान्य आहे असें नाहीं; काचसंक्रमणाच्या मूळ कारणाविषयीं शास्त्रज्ञांत अद्यापि वाद आहे. परंतु शिथिलनकालाची वाढ ही मापलेली गोष्ट आहे, तींत वाद नाहीं.

संक्रमणाचें एक वैशिष्ट्य इतिहासाच्या अभ्यासकास विशेष रुचेल. बर्फ कोठेंही, कोणींही केलें तरी शून्य अंशावरच होतें. काच मात्र कोणत्या उष्णतामानावर अडकेल हें ती किती वेगानें निवविली यावर अवलंबून असतें. घाईनें निवविलेली काच वरच्या उष्णतामानाची सैल मांडणी घेऊन अडकते. सावकाश निवविलेली काच अधिक घट्ट मांडणीपर्यंत पोंचते. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेंतील आर्थर टूल यानें १९४६ सालच्या निबंधांत या अडकलेल्या मांडणीच्या उष्णतामानास ‘कल्पित उष्णतामान’ असें नांव दिलें. म्हणजे प्रत्येक काच आपण भट्टींतून कशी बाहेर पडलों याचा दाखला अंगांत बाळगून असते. तो दाखला हळूहळू पुसट होतो, हेंच शिथिलन; आणि किती हळू, हाच आपला प्रश्न आहे.

देवळांच्या काचांचा विचार आतां सोपा झाला. १९९८ सालीं ब्राझिलमधील शास्त्रज्ञ एद्गार झानोत्तो यानें अमेरिकेंतील एका पदार्थविज्ञानाच्या मासिकांत नेमका हाच प्रश्न घेतला, आणि साध्या उष्णतामानांत अशी काच नजरेस येण्याइतकी वाहण्यास विश्वाच्या वयाहूनही कितीतरी पटींनीं अधिक काळ लागेल, असें गणितानें दाखविलें. त्याचा पहिला आंकडा फार मोठा झाला होता, तो त्यानेंच पुढील वर्षीं प्रभात गुप्त यांच्यासह दुरुस्त केला; निष्कर्ष मात्र तोच राहिला. पुढें २०१७ सालीं ओझगुर गुल्बितेन, जॉन मॉरो व त्यांचे सहकारी यांनीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमधील काचेच्या घटकांप्रमाणें काच तयार करून तिची मापें घेतलीं. साध्या उष्णतामानांतील विष्यंदिता पूर्वींच्या अंदाजापेक्षां १ वर १६ शून्यें इतक्या पटींनीं कमी निघाली. वाचकास वाटेल, कीं आतां तरी काच वाहिली ! परंतु इतकी घट होऊनही त्यांच्या हिशेबाप्रमाणें १०० कोटि वर्षांत काच फार तर एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश, सरकेल. ज्या देवळांस सातआठशें वर्षें झालीं त्यांच्या तावदानांत बोटास लागणारी जाडी या मार्गानें येणें सर्वस्वी अशक्य आहे. रोमन काळांतील काचेचीं भांडीं देवळांहून हजार वर्षांनीं जुनीं आहेत, व त्यांचे पातळ कांठ आजही जागच्या जागीं आहेत, हा साधा प्रत्यक्ष पुरावा गणिताच्या अगोदरही उपलब्ध होता.

मग जाडींतील फरक आला कोठून ? कारागिराच्या हातांतून. जुन्या काळीं तावदानाची काच मुख्यतः दोन रीतींनीं करीत. एका रीतींत रसाचा फुगा फुंकून, उघडून, दांड्यावर वेगानें फिरवून त्याची मोठी चकती करीत. ती मध्याकडे जाड व कडेकडे पातळ होई, आणि तिच्यांतून चौकोनी तुकडे कापीत. दुसऱ्या रीतींत लांबट नळकांडें फुंकून, उभें चिरून, पुन्हां तापवून सपाट करीत. दोहोंतही सर्वत्र सारखी जाडी साधणें कठीण. तावदान बसविणारा जड कड साहजिकच खालीं घेई, म्हणून बहुतेक तावदानें तशीं आढळतात. परंतु जाड कड वर किंवा बाजूस असलेलीं तावदानेंही आहेत, आणि वाहण्याच्या उपपत्तींत त्यांस जागाच नाहीं.

याचा अर्थ जुन्या काचेंत कालनिर्णयाचा पुरावाच नाहीं असें नव्हे. तो निराळ्या ठिकाणीं पहावा लागतो. चकतीच्या काचेंत बुडबुडे व रेषा वर्तुळाच्या कमानींत गेलेल्या दिसतात. नळकांड्याच्या काचेंत त्या सरळ व समांतर असतात. अगदीं सारख्या जाडीची, दोन्ही अंगांनीं झळझळीत काच असेल तर जपून असावें. वितळलेल्या कथिलावर काच पसरण्याची पिल्किंग्टन यांची रीत १९५९ सालीं जाहीर झाली, व तेव्हांपासून तशी काच स्वस्त व सार्वत्रिक झाली. तथापि काचेचा काळ म्हणजे चित्राचा काळ नव्हे, हें वरील तसबिरीनें दाखविलेंच आहे.

येथवरच्या विवेचनावरून काच साध्या उष्णतामानांत मुळींच बदलत नाहीं असा समज होईल, तर तोही चुकीचा आहे. ती बदलते; परंतु तें ओळखण्यास डोळा पुरत नाहीं, टिपण लागतें. असें एक टिपण उपलब्ध आहे, आणि अस्सल कागदाच्या सर्व कसोट्यांस तें उतरतें: पाहणारानें स्वतः, त्या त्या दिवशीं, तारीखवार लिहिलेलें, आणि ज्या गोष्टीसाठीं आपण आज तें वाचतों ती गोष्ट त्याच्या मनांतही नसतां लिहिलेलें. हें टिपण जेम्स प्रेस्कट जूल याचें. काम व उष्णता यांचें प्रमाण ठरविणारा हा मँचेस्टरकडील शास्त्रज्ञ. त्याच्या प्रयोगांत अंशाच्या लहान लहान भागांस महत्त्व होतें, म्हणून आपला पाऱ्याचा उष्णतामापक बर्फांत ठेवून त्याचें शून्य जागेवर आहे कीं नाहीं हें तो तपाशी. एप्रिल १८४४ पासून डिसेंबर १८८२ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षांहून अधिक काळ, एकाच उपकरणावर त्यानें ही तपासणी चालू ठेविली. शून्य सरकत होतें, आणि नेहमीं वरच सरकत होतें. एकंदर सरक सुमारें १ अंश फॅरनहाइट भरली. त्यांतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पहिल्या दोन वर्षांतच झाली; पुढें वेग मंदावत गेला, तरी शेवटच्या नोंदीपर्यंत तो अगदीं थांबला नव्हता.

पारा बदलला नव्हता; त्याच्या भोंवतालची काचेची कुपी आकसत होती. पारा काचेपेक्षां किती अधिक प्रसरण पावतो तें ठाऊक असल्यामुळें हिशेब करतां येतो: कुपीचें आकारमान ३८ वर्षांत सुमारें अकरा हजारांत एक भाग इतकें घटलें. कुपी फुंकून झाल्यावर लवकर निवली, तिची मांडणी सैलच अडकली, आणि ती मांडणी पुढें वर्षानुवर्षें कणाकणानें बसत गेली. येथें दोन गोष्टींत भेद केला पाहिजे, आणि आमच्या मतें साऱ्या घोंटाळ्याचें मूळ याच ठिकाणीं आहे. तावदान ‘वाहणें’ म्हणजे संबंध पदार्थानें भारामुळें दूर सरकणें. जूलच्या कुपींत झालें तें जागच्या जागीं किंचित् सांवरून बसणें. दुसरी गोष्ट खरी आहे म्हणून पहिली खरी ठरत नाहीं. पोटॅश व सोडा दोन्ही असलेल्या काचेंत हा दोष अधिक असतो, असें पुढें जर्मनींत दिसून आलें, आणि येना येथें ऑटो शॉट यानें उष्णतामापकांसाठीं निराळी काच सिद्ध केली.

जूलच्या नोंदींत वेग जसा मंदावत जातो, तो प्रकार नेहमींच्या नियमांत बसत नाहीं. एकच शिथिलनकाल असता तर प्रारंभीं इतकी त्वरा आणि शेवटीं इतकी रेंगाळ एकत्र दिसली नसती. काचेंत कांहीं टोळ्या लवकर सुटतात, कांहीं फार उशिरां. सर्वांची बेरीज एका लांबलेल्या वक्ररेषेंत होते. ही रेषा गणितांत प्रथम बसविली ती रुडोल्फ कोलराउश यानें १८५४ सालीं, आणि तीही निराळ्याच प्रसंगीं: विजेचा संचय करणाऱ्या काचेच्या बरणींत मागें राहिलेला भार कसा ओसरतो हें पाहतांना. पुढें शंभराहून अधिक वर्षें तिची फारशी वास्तपुस्त झाली नाहीं. १९७० सालीं विल्यम्स व वॉट्स यांनीं तीच रेषा पुन्हां पुढें आणली. २०१३ सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग येथील संशोधकांनीं सुमारें मीटरभर लांबरुंद काचपत्रे साध्या उष्णतामानांत दीड वर्ष मापले, तेव्हां लाखांत एक भाग इतका संकोच आढळला, आणि तो याच रेषेनें गेला. दप्तरांत पडलेला जुना कागद कधीं उपयोगीं पडेल हें सांगतां येत नाहीं. तसेंच या सूत्राचें झालें.

सर्वच काचा इतक्या हट्टी नसतात. काच हें एका पदार्थाचें नव्हे, एका अवस्थेचें नांव आहे, आणि राळ, डांबर, लाख हेही त्याच कुळांतील पदार्थ आहेत. ऑस्ट्रेलियांत ब्रिस्बेन येथें टॉमस पार्नेल या अध्यापकानें १९२७ सालीं डांबर काचेच्या नाळक्यांत ओतलें आणि १९३० सालीं त्याची नळी कापली. हातोडीनें फुटणारें हें डांबर थेंबाथेंबानें गळतें; नववा थेंब २०१४ सालीं सुटला. डांबराचें संक्रमण भोंवतालच्या हवेच्या उष्णतामानाखालीं आहे, म्हणून तें वाहतें; खिडकीच्या काचेचें पांचशें अंश वर आहे, म्हणून ती वाहत नाहीं. याच्या उलट टोंकास तृणमणि. टेक्सस येथील संशोधकांनीं डोमिनिकन प्रजासत्ताकांतील २ कोटि वर्षांपूर्वींचा तृणमणि तपासून २०१३ सालीं कळविलें, कीं त्याची मांडणी संक्रमणाच्या सुमारें ४४ अंश खालच्या उष्णतामानास शोभेल इतकी घट्ट बसलेली आहे. प्रयोगशाळेंत कोणासही इतका धीर धरतां आला नसता.

आमच्या वाचकांचा खरा संबंध येतो तो लाखेशीं. मराठी राजपत्रांवरील शिक्के व मोर्तबें शाईचीं असल्यामुळें त्यांस हें विवेचन लागू नाहीं. परंतु बंद केलेल्या पत्रास आपण लखोटा म्हणतों, तें नांवच लाखेवरून पडलेलें आहे. आणि कंपनी सरकारच्या तहनाम्यांवर व इतर युरोपीय कागदांवर लाखेच्या मुद्रा असतात. सोळाव्या शतकापूर्वींच्या युरोपांतील मुद्रा बहुधा मधमाश्यांच्या मेणाच्या. मेण अंशतः स्फटिकरूप असल्यामुळें त्याचा प्रकार निराळा. लाख मात्र काचेच्या जातीची आहे. तिचें संक्रमण प्रतीप्रमाणें व जुनेपणाप्रमाणें साधारण ४० ते ५० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान येतें, आणि विदर्भ-खानदेशांत वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं ठेवलेल्या पेटींत तितकी उष्णता सहज होते. अशा सेंद्रिय काचांत शिथिलनकाल दसपट होण्यास २० अंश लागत नाहींत, बहुधा तीनपांच अंशच पुरतात. म्हणजे पौषांत दगडासारखी असलेली मुद्रा वैशाखांतील दुपारीं वरच्या रुमालांच्या भारानें दबूं शकते, आणि मृगानंतर पुन्हां तशीच दबलेली दगडासारखी होते.

यावरून दोन गोष्टी निघतात. मुद्रेचीं अक्षरें पसरलेलीं किंवा कांठ बसलेला दिसला, तर तेवढ्यावरून कागद बनावट ठरवूं नये. त्या पेटीनें किती उन्हाळे कोठें काढले हें अगोदर विचारावें. उलटपक्षीं, मुद्रा शाबूत आहे म्हणून लखोटा कोणीं उघडलाच नाहीं, असेंही धरूं नये. तापलेल्या पातळ सुरीनें लाखेची मुद्रा उचलून पुन्हां चिकटविण्याची विद्या जुनी आहे, आणि ती चालते ती याच गुणामुळें. ज्यांच्या संग्रहीं अशा मुद्रा आहेत त्यांनीं ते कागद एकावर एक न रचतां सुटे ठेवावेत, मुद्रेवर भार येऊं देऊं नये, आणि फाल्गुन संपण्यापूर्वीं पेट्या माळ्यावरून काढून तळघरांत किंवा जाड भिंतीच्या खोलींत, शक्य तर ३० अंशांच्या आंत, हलवाव्या. मुद्रेचा ठसा घ्यावयाचा असल्यास तोही थंडीच्या दिवसांतच घ्यावा.